पर्याय क

कार्डं मी मडगावहून लॅमिनेट करून आणली,
ओल्या हातांत टिकावीत म्हणून.
प्रत्येकावर छापलेत न उजाडलेले दिवस:
पर्याय अ, दोन कुपे, मोठे, बोटीचं भाडं सहा हजार.
पर्याय ब, पाच कुपे, वीतभर, भाडं चार.
पर्याय क, यांतलं काहीच नको, मी घरी राहीन.
कोणता दिवस घ्याल? खूण करा.

बेतुलची जेटी, पहाटेचे पावणेपाच.
साळ नदी इथवर स्वतःला नदीच समजते,
पुढे पन्नास वावांवर तिचा गैरसमज फिटतो.
कुणीतरी बर्फ फोडतंय.
पलीकडच्या वाड्यावर पोदेराचा भोंपू.

दंतवैद्य रिबेलो, सतरा वर्षं गरवतो, मीस चुकवून.
कार्ड बॅटरीच्या उजेडात धरतो,
एक्स-रे धरावा तसं.
'अ'वर खूण करतो, खोडतो, पुन्हा करतो.
"मोठाच लिही. सगळे मोठाच सांगतील तुला.
मग लहान कोण नेतो, ते विचार."

शांबा फळदेसाई, विम्याच्या नोकरीतून निवृत्त,
कुपा खातच नाहीत.
तांबडं मांस, रक्ताळ लागतं म्हणे, शेजारी वाटून टाकतात.
मग येता कशाला?
"रीळ पळतं ना, तेव्हा..."
आणि जिभेनं तो आवाज काढून दाखवतात, क्रर्रर्र,
साठी उलटलेला माणूस, चारचौघांत.
माझ्या तक्त्यात आवाजाला रकाना नाही.

ज्योकिम, जहाजावरून सुट्टीवर आलेला,
आठ महिने पाणी बघून परत पाण्यावर.
"कंपनीच्या समुद्रात गळ टाकता येत नाही, बाय."
त्याचा बारावीतला भाचा प्रत्येक मासा सोडून देतो.
मलाच विचारतो, सोडलेला जगतो का?
मी म्हणते, लवकर सोडला तर, बहुधा.
"बहुधा म्हणजे किती?"
प्रश्न विचारायला मी आलेय, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

कैतानच्या होडीतून आम्ही निघालो.
किनारा आधी काळा, मग निळा, मग नुसता अंदाज.
नऊच्या सुमारास पाणी एका जागी उकळलं,
वर पाखरं, खाली तारल्यांची पळापळ,
आणि फळदेसाईंचं रीळ
अगदी त्यांनी काढला होता तस्साच आवाज करत सुटलं.

वीस मिनिटांनी तो पट्टीवर.
मी जबड्यापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत धरला:
अठ्ठेचाळीस. आम्ही सुचवणार ती मर्यादा पन्नास.
पण त्याआधी माझा हात दचकला,
तो गरम होता.
कुप्याचं रक्त पाण्याहून ऊन असतं,
मी परीक्षेत लिहिलं होतं, चार गुणांना.
तळव्याखाली ते तापलेल्या पोरासारखं निघालं,
आणि अख्खं अंग थरथरत होतं,
इंजिन बंद केल्यावर होडी थरथरते तसं.

"हा दिवस आहे का तुझ्या कार्डावर?" फळदेसाई म्हणाले.
नव्हता.
भाच्यानं दोन्ही हातांनी उचलून त्याला पाण्यात सोडलं.
सगळे वाकून बघत राहिले,
खाली काही दिसत नव्हतं तरी.

कैतान तेवढा बसून, सुकाणूवर.
"आनी म्हाका कार्ड ना?"
मी गडबडले. तो गरवत नाही,
गरवणाऱ्यांना नेतो. माझ्या नमुन्यात तो बसत नव्हता.
तरी दिलं. त्याला रोमीच वाचता येते,
म्हणून वाचून दाखवलं, अ, ब, क,
सहा हजार, चार हजार, घरी.
त्यानं कार्ड परत मागितलं, न वाचताच बघत राहिला
इंजिनाला अर्धा डबा तेल घालून होईपर्यंत.

"क," म्हणाला. "घरी राहीन.
त्या दिवसाचे पैसे कोण देणार, तेवढं खाली लिही."

खाली जागा नव्हती. मी कडेला उभं लिहिलं.

संध्याकाळी आकडे भरताना
अ आणि ब यांना गुणक लागतात,
क ला काही लागत नाही.
क म्हणजे शून्य, रीतच आहे तशी,
बाकीचे सगळे दिवस त्याच्यापासून मोजायचे.
मी कैतानसमोर शून्य भरलं
आणि बराच वेळ पुढच्या ओळीवर गेले नाही.
हाताला अजून वास होता.